वडिलांचा रक्तदाब मुलाच्या वाट्याला किती?

गेल्या अंकातील या सदरात मी एक वाक्य लिहिले होते : ‘रक्तदाबाचा तीस ते पन्नास टक्के भाग आनुवंशिक असतो.’ त्यावर गुहागरपासून मालवणपर्यंतच्या वाचकांची बरीच पत्रे आली. ती वाचताना लक्षात आले की ते वाक्य अपुरे होते, आणि त्यामुळे काहींच्या मनात नाहक भीती, तर काहींच्या मनात नाहक निर्धास्तपणा बसला आहे. म्हणून या वेळचे सगळे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ३६. वडील मुंबईत नोकरीला होते, विडी ओढत, आणि ५१व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. थोरल्या काकांची ५४व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. आजोबा मात्र ८३ वर्षे जगले आणि शेवटच्या पावसाळ्यापर्यंत आगरात जाऊन झावळ्या ओढत होते. आपल्या लिहिण्याचा अर्थ माझा निम्मा रक्तदाब वडिलांकडून आला, असा घ्यायचा का? निम्मे ठरूनच आले असेल तर मीठ कमी करून काय साधणार? घरातले म्हणतात, खाण तशी माती.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : आधी माझ्या वाक्यातली उणीव भरून काढतो. आनुवंशिकतेचा वाटा म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो कोणा एका माणसाबद्दल नसतो; एखाद्या समूहात माणसामाणसांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किती फरक जनुकांतल्या फरकामुळे आहे, एवढेच तो सांगतो. आपला वरचा रक्तदाब १४४ भरला तर त्यातले ७२ वडिलांचे आणि ७२ मिठाचे, अशी वाटणी होत नाही. खाचरातल्या भातापैकी किती मण बियाण्याचे आणि किती पावसाचे, हे जसे कोणी सांगू शकत नाही, तसेच हे आहे.

आंब्याचे उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होईल. एकाच झाडाच्या काड्या घेऊन हापूसची शंभर कलमे बांधली, तर खुंट (ज्या रोपावर काडी बांधतात ते) सोडला तर ती सगळी जनुकांच्या दृष्टीने एकच झाड असतात. त्यातली काही समुद्रालगतच्या कातळावर लावली आणि काही आतल्या गावात खोल मातीत लावली, तर मोहोराची वेळ, फळाचे वजन, साक्याचे (गरात होणाऱ्या पांढरट, खराब भागाचे) प्रमाण यांत फरक पडतो, आणि तो सगळा फरक जमिनीचा, वाऱ्याचा, खताचा आणि खुंटाचा असतो, कारण काडी एकच आहे. या शंभर कलमांपुरता आनुवंशिकतेचा वाटा शून्य निघेल. तरीही हापूस हा हापूस आहे तो त्याच्या जनुकांमुळेच, हे कोणताही बागायतदार सांगेल. आता उलट करून पाहा. एकसारख्या मातीत रायवळचे बाठे रुजवून शंभर झाडे वाढवली, तर एकाचे फळ आंबट, दुसऱ्याचे गोड, तिसऱ्याचे नुसते धागे. इथे बहुतेक सगळा फरक बीजाचा. आंबा दोन्हीकडे आंबाच आहे, पण एका बागेत आकडा शून्य आणि दुसऱ्या बागेत शंभराच्या जवळ. म्हणजे हा आकडा आंब्याचा स्वभाव सांगत नाही, त्या बागेची स्थिती सांगतो. रक्तदाबाचा ‘तीस ते पन्नास टक्के’ हा आकडाही ज्या लोकसमूहात, ज्या काळात, ज्या वयात मोजला, त्याचाच असतो.

माणसांत कलमांची जागा जुळी भावंडे घेतात. एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ पूर्ण सारखी असतात; दोन बीजांपासून झालेल्या जुळ्यांची, इतर कोणत्याही भावंडांप्रमाणे, सरासरी निम्मी. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढतात, त्यामुळे पहिल्या प्रकारच्या जोड्यांत साम्य जितके जास्त भरते, तितका जनुकांचा हात मोठा मानतात. अशा अभ्यासांतून एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणाऱ्या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलसाठी साधारण ४० ते ६० टक्के आणि उंचीच्या मानाने वजनासाठी ४० ते ७० टक्के असे आकडे येतात. लायपोप्रोटीन-ए नावाच्या रक्तातील एका घटकासाठी तो ९० टक्क्यांच्या आसपास जातो; त्याकडे पुढे येतो.

आपल्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे वडिलांचे वय. स्वीडनमध्ये २१,००४ जुळ्यांचा सुमारे २६ वर्षे मागोवा घेऊन १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की जुळ्या भावांपैकी एक ५५ वर्षांच्या आत हृदयविकाराने गेला, तर दुसऱ्याला त्याच आजाराने मृत्यू येण्याचा धोका, ज्यांचा जुळा भाऊ असा गेलेला नाही त्यांच्या मानाने, एकबीज जुळ्यांत सुमारे आठपट आणि द्विबीज जुळ्यांत जवळजवळ चौपट होता. पहिला भाऊ जितक्या उतारवयात गेला, तितका हा फरक कमी होत गेला. ऐंशीव्या वर्षी आलेल्या झटक्यातून घराण्याबद्दल फारसे काही कळत नाही, पण पन्नाशीतल्या झटक्यातून पुष्कळ कळते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासात १९७१ पासून मुलांची पिढीही सामील झाली. तिथे वडिलांना ५५ च्या आत किंवा आईला ६५ च्या आत हृदयविकार वा पक्षाघात झालेल्या मुलग्यांना, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान ही इतर कारणे हिशेबात धरूनही, सुमारे दुप्पट धोका आढळला.

आपल्या वडिलांच्या आणि काकांच्या बाबतीत जनुके किती आणि विडी किती, हे आता कोणालाही वेगळे काढता येणार नाही. आजोबांचे वय पाहून निर्धास्त मात्र होऊ नका. वडिलांना निम्मी जनुके आजोबांकडून आली तशी निम्मी आजीकडूनही आली, आणि आजोबांनी आयुष्य आगरात काढले तर वडिलांनी मुंबईच्या नोकरीत. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतर देशांतल्या लोकांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे लवकर येतो, हे ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसले. त्याच पाहणीत धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर यांसारखी नऊ मोजता येणारी कारणेच बहुतांश धोक्याच्या मुळाशी निघाली.

‘मीठ कमी करून काय साधणार?’ हा आपला प्रश्न मला फार गंभीर वाटतो, कारण याच विचाराने माणसे गोळ्या सोडून देतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांचा जनुकीय धोका सर्वांत जास्त होता अशा लोकांचेच दोन गट पाहिले गेले : धूम्रपान न करणारे, लठ्ठ नसलेले, नियमित हालचाल करणारे आणि आहार सांभाळणारे एका बाजूला, आणि यांतले जवळजवळ काहीच न पाळणारे दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटात हृदयविकार जवळजवळ निम्म्याने कमी होता. जनुके दोन्ही गटांची तितकीच जड होती.

तेव्हा चाळिशीची वाट न पाहता याच महिन्यात एलडीएलसह लिपिड (रक्तातील चरबीची) तपासणी, साखर आणि रक्तदाब पाहून घ्या. रक्तदाब घरी मोजणार असाल तर पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकलेली आणि हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर असू द्या, त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको, आणि मोजताना बोलू नका. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजून वहीत लिहा. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मी ५८ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. पन्नाशीपर्यंत माझे कोलेस्टेरॉल अगदी नीट होते. ५१व्या वर्षी पाळी गेली आणि त्यानंतर तीन-चार वर्षांत एलडीएल ११० वरून १५८ झाले. डॉक्टर म्हणाले, आईकडून आले. आईलाही साठीच्या सुमारास असेच झाले होते. पण आनुवंशिक गोष्ट जन्मापासून असायला नको का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : केस पांढरे होणेही घराण्यावर जाते, पण कोणी पांढरे केस घेऊन जन्माला येत नाही. जनुके जन्मापासून असतात. त्यांचा परिणाम दिसायला शरीरात तशी परिस्थिती यावी लागते. एलडीएलच्या बाबतीत ही परिस्थिती बरीच ठळक आहे. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून रक्तातून काढून घेणारे ग्राही असतात (या ग्राहींच्या शोधाबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले), आणि स्त्रियांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक या ग्राहींची संख्या वाढती ठेवते. पाळी गेली की हा आधार सुटतो. तोवर झाकून राहिलेला आईकडचा कल मग रिपोर्टात दिसू लागतो. मात्र या वयात थायरॉइड मंदावल्यामुळेही एलडीएल वाढते. ती तपासणी झाली नसेल तर आईवर सगळे ढकलण्याआधी करून घ्या.

आपल्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला आहे : वयाबरोबर आनुवंशिकतेचा वाटा वाढतो की कमी होतो? याचे एकच उत्तर नाही, आणि मला हा सगळ्या विषयातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग वाटतो. वजनाच्या बाबतीत जनुकांचा वाटा लहानपणापासून वाढत जाऊन ऐन तारुण्याच्या सुमारास सर्वांत ठळक होतो आणि पुढे उतरतो. रक्तातील चरबीबद्दल स्वीडनमध्येच ५२ ते ८६ वयाच्या ३०२ जुळ्या जोड्यांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळजवळ निम्म्या जोड्या लहानपणीच वेगवेगळ्या घरी वाढलेल्या होत्या. तिथे ट्रायग्लिसराइड या चरबीच्या प्रकारावरचा जनुकांचा वाटा वयस्कर जोड्यांत कमी भरला.

असे होण्याचे मुख्य कारण म्हणजे आयुष्य साचत जाते. विसाव्या वर्षी दोन माणसांच्या आयुष्यात फरक थोडा असतो; साठाव्या वर्षी एकाच्या मागे चाळीस वर्षांचा तंबाखू असतो आणि दुसऱ्याच्या मागे चाळीस वर्षांची शेती. भोवतालचा फरक वाढला की जनुकांचे काम तितकेच राहूनही त्यांचा टक्का खाली येतो. दुसरे कारण सांगताना मला नेहमी जड वाटते : ज्यांच्या घरात धोका सर्वांत मोठा होता, ती माणसे साठीपर्यंत राहतच नाहीत, आणि म्हाताऱ्यांच्या अभ्यासात त्यांची गणना होत नाही. शिवाय उतारवयात बरीच माणसे गोळ्या घेत असतात, त्यामुळे मोजलेला आकडा शरीराचा नसून गोळीसह शरीराचा असतो.

याच्या उलट दिशेने ओढणारी गोष्ट आपल्याच पत्रात आहे. काही जनुके उशिराच कामाला लागतात, आणि विशीत रक्तदाब ठरवणारी जनुके व साठीत तो ठरवणारी जनुके पूर्णपणे तीच नसतात. तरुणपणी मूत्रपिंड मीठ कसे बाहेर टाकते याला महत्त्व असते, उतारवयात धमन्या किती ताठरतात याला. २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून रक्तदाबाशी संबंधित अशा जनुकसंचातल्या नऊशेहून अधिक जागा सापडल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक एकेका जागेचा परिणाम पाऱ्याच्या एक मिलिमीटरपेक्षाही कमी आहे. ‘बीपीचे जनुक’ असे एकच काही नसते.

आपल्याला मुलगी असेल, तर तिची पाळी सुरू असेपर्यंत तिचे रिपोर्ट चांगले येतील आणि ती निश्चिंत राहील. आपला आणि आईचा अनुभव तिला आताच सांगून ठेवा, म्हणजे पंचेचाळिशीनंतर ती दरवर्षी तपासणी चुकवणार नाही.

प्रश्न : सासूबाईंना बीपी, यजमानांना बीपी, आणि गेल्या वर्षापासून मलाही. सगळे म्हणतात, या घराण्यातच आहे. पण मी तर सून आहे! माझ्या माहेरी कोणालाच नाही.
— एक वाचक, हर्णै

उत्तर : ताई, आपण नेमके बोट ठेवलेत. रक्ताचे नाते नसलेल्या नवरा-बायकोंचेही रक्तदाब एकमेकांशी जुळतात, हे अनेक देशांत दिसले आहे. घराण्यात चालत येते ते सगळे जनुकांतूनच येते असे नाही. मिठाची बरणीही पिढ्यानपिढ्या चालत येते.

काही वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका घरी मी आजोबांना तपासायला गेलो होतो. त्यांचा रक्तदाब १७० च्या वर होता, म्हणून ओटीवर बसलेल्या मुलाचा पाहिला, तोही जास्त. चहा घेऊन आलेल्या सुनेला बसवून घेतले, तिचा १५२/९६. ती बावीस वर्षांपूर्वी घाटावरून लग्न होऊन आलेली. मी स्वयंपाकघर दाखवा म्हणालो. फळीवर मिठात मुरवलेल्या कैऱ्यांची चिनी बरणी, खाऱ्या बांगड्यांचा डबा, पापड, लोणचे, आणि ताटात वाढण्यासाठी मिठाचा सट. न्हाणीजवळच्या कोनाड्यात मशेरीची डबी होती. ती सासूची, पण सूनही दोन वेळा लावत असे. मशेरी हा भाजलेला तंबाखूच आहे, आणि त्यातले निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाऊन रक्तदाब चढवते.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळ्या पदार्थांतले मिळून चहाचा एक सपाट चमचाही नाही. मासे सोडा असे मी कधीच सांगणार नाही. ताजा बांगडा खा, काठ्यांवर टांगून मिठाशिवाय वाळवलेले बोंबील खा. खारा बांगडा मात्र पाणी बदलून दोन-तीनदा भिजवल्याशिवाय तव्यावर घालू नका आणि त्या दिवशी आमटीत मीठ निम्मे घाला. मशेरी पूर्ण बंद करा. गोळी सुरू असेल तर ती या बदलांच्या भरवशावर स्वतःहून थांबवू नका.

माहेर अगदी हिशेबाबाहेर आहे, असेही नाही. जनुके आणि घर यांच्या मधे आईचे पोट असते. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू; चरबी त्या मानाने टिकून होती. कमी वजनाने जन्मलेल्यांना पुढे मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका अधिक असतो. हा आईकडून मुलाकडे येणारा वारसा आहे, पण त्याचा उगम तिच्या ताटात काय पडले यात आहे. सुनेच्या गरोदरपणात तिच्या ताटात दूध, डाळ, पालेभाजी आणि ताजी मासळी पहिल्यांदा वाढली जावी, असे मी प्रत्येक सासूबाईंना सांगतो.

प्रश्न : माझ्या पतींचे वय ३७, सडपातळ, निर्व्यसनी, तरी एलडीएल २३८ आले. टाचेमागची शीर जाड झालेली आहे. त्यांच्या आईला ४९व्या वर्षी झटका आला होता. आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याची तपासणी करावी का? शिवाय एका मासिकात लायपोप्रोटीन-ए तपासा असे वाचले, ते काय?
— एक वाचक, देवगड

उत्तर : मुलाची तपासणी करावी, आणि लवकर. वर जनुकसंचातल्या ज्या नऊशेहून अधिक बारीक जागांबद्दल लिहिले, त्यापेक्षा हे वेगळे प्रकरण असण्याची दाट शक्यता आहे. एलडीएल १९० च्या वर, टाचेच्या कंडरेत चरबी साचून आलेली जाडी आणि आईला लवकर झटका, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल या विकाराचा संशय घ्यावा लागतो. यात एकाच जनुकातला दोष पुरेसा असतो, साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला तो असतो, आणि प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. रक्तात एलडीएल जन्मापासून जास्त असते, त्यामुळे धमन्यांचे नुकसान शाळकरी वयातच सुरू होते. आहार सांभाळावाच, पण केवळ आहाराने हा आकडा पुरेसा उतरत नाही; आपल्या यजमानांना औषध लागेल आणि ते आयुष्यभर घ्यावे लागेल. मुलाच्या बाबतीत हा निर्णय बालरोगतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून घेतील.

लायपोप्रोटीन-ए ची पातळी जवळजवळ पूर्णपणे जनुकांनी ठरते, वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास स्थिरावते आणि पुढे आयुष्यभर फारशी बदलत नाही. खाण्यापिण्याने तर नाहीच. म्हणून ती आयुष्यात एकदा मोजली तरी पुरते. दर डेसिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आल्यास ती जास्त समजतात, आणि मग बाकीची कारणे अधिक कडकपणे आवरावी लागतात. प्रयोगशाळेत मात्र नाव नीट वाचून घ्या : एपोलायपोप्रोटीन-ए ही निराळी तपासणी आहे, आणि दोन्हींची गल्लत झालेले रिपोर्ट मी पाहिले आहेत.

यजमानांच्या भावंडांनाही याच आठवड्यात फोन करून एलडीएल तपासायला सांगा. ते मुंबईला असतील तर गणपतीला गावी येईपर्यंत थांबू नका.